वर्ष कुठून मोजायचं?

पत्र

डॉक्टर मॅडम,

मी 33 वर्षांची, कराडजवळच्या एका शाळेत शिक्षिका. हे 36 वर्षांचे, चाकणला कंपनीत आहेत, तिथे तिघांबरोबर खोलीवर राहतात. लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं. पहिले काही महिने आम्ही काळजी घेतली, जानेवारीपासून ती सोडली. अजून काही नाही. ह्यांना गुरुवारची सुट्टी असते. बुधवारी रात्री येतात, शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं परत. गणपतीत पाच दिवस होते, तेवढंच सलग.

पाळी नियमित आहे, पण उशिरा येते. जूनपासूनच्या तारखा: 3 जून, 8 जुलै, 12 ऑगस्ट, 15 सप्टेंबर, 21 ऑक्टोबर, 25 नोव्हेंबर. ऑक्टोबरची तर ऐन लक्ष्मीपूजनाला आली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण नैवेद्याचं ताट जाऊबाईंकडून करून घेतलं. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

नोव्हेंबरात मी एका लॅबचं पॅकेज केलं. त्यांनी 21 व्या दिवशी, 10 तारखेला, रक्त घेतलं. प्रोजेस्टेरॉन 0.6, एएमएच 1.9. इथल्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून 'बीज तयार होत नाही' असं सांगितलं. गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्सरे आणि पोटातून दुर्बीण एकदाच करून टाकू म्हणाले. ह्यांच्या तपासणीचं कुणी काढलंच नाही. मी काढलं, तर हे म्हणाले, 'आमच्या घराण्यात असलं काही नाही.' तसे समंजस आहेत, पण दवाखान्याचा तिटकारा आहे. बारावीच्या परीक्षेत गालगुंड होऊन पंधरा दिवस अंथरुणावर होते, वर्ष वाया गेलं, तेव्हापासून.

मैत्रीण म्हणते, वर्ष पूर्ण होईपर्यंत थांब. नणंद म्हणते, वय बघ, थांबू नकोस. मी काय करू?

उत्तर

तुला तू म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

आधी उत्तर देऊन टाकते, कारणं मागाहून. तुझ्या नळ्यांच्या एक्सरेला आणि दुर्बिणीला थांब. तुझ्या नवऱ्याच्या तपासणीला मात्र थांबू नकोस, येत्या गुरुवारीच उरकून घ्या. म्हणजे मैत्रीण तुझ्यापुरती बरोबर आहे आणि नणंद तिच्या भावापुरती, हे तिला कळलं तर ती काय म्हणेल ते मला ठाऊक नाही.

पाळीच्या तारखा लिहून पाठवणाऱ्या बायका मला फार आवडतात. ओपीडीत माझा अर्धा वेळ 'शेवटची पाळी कधी?' 'एकादशीच्या आदल्या दिवशी' या सवाल-जवाबात जायचा. मग टेबलावरचं कालनिर्णय मागची पानं उलटत बघायचं. तुझ्या सहा तारखांनी मला ज्या गोष्टी सांगितल्या, त्या तुझ्या पॅकेजच्या रिपोर्टानं सांगितल्या नाहीत.

आधी ते प्रोजेस्टेरॉनचं बघू, कारण तुझी झोप त्यानं उडवली आहे. बीज फुटल्यावर जे कवच अंडाशयात मागे उरतं, ते हे संप्रेरक तयार करतं. म्हणून बीज फुटल्यावर साधारण एक आठवड्यानं ते रक्तात सगळ्यात जास्त असतं. बीज फुटायच्या आधी ते जवळजवळ नसतंच. आता 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटतं, म्हणून तिचं रक्त 21 व्या दिवशी घ्यायचं. लॅबच्या छापील कागदावर 'एकविसावा दिवस' आला तो इथून. पण तुझी पाळी 34 ते 36 दिवसांनी येते. पाळी लांबते तेव्हा सहसा पहिला अर्धा भाग लांबतो. बीज फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस सगळ्यांचे जवळपास सारखे, चौदाच्या आगेमागे. तुझं रक्त घेतलं 10 नोव्हेंबरला. पाळी आली 25 ला. पंचवीसातून चौदा वजा कर. अकरा! ज्या दिवशी रक्त घेतलं त्या दिवशी बीज बहुधा फुटायच्या बेतात होतं. मग प्रोजेस्टेरॉन 0.6 येणार नाही तर काय येणार? तेच रक्त 17-18 नोव्हेंबरला घेतलं असतं तर तो आकडा वाचण्यासारखा असता. तेव्हा तो 3 च्या वर आला तर बीज फुटलं असं आम्ही धरतो. 'बीज तयार होत नाही' हा निष्कर्ष त्या कागदावरून निघतच नाही. उलट सहा महिने इतक्या इमानानं येणारी पाळी हीच बीज फुटत असल्याची चांगली खूण आहे.

आता त्याच तारखांखाली वार लिही. तू लिहिलेले नाहीस, मी लिहिले. मंगळवार, मंगळवार, मंगळवार, सोमवार, मंगळवार, मंगळवार. पस्तीस दिवस म्हणजे नेमके पाच आठवडे, त्यामुळे तुझी पाळी फिरून त्याच वारावर येते. आणि बीजसुद्धा त्याच वारावर फुटतं, सोमवार-मंगळवारच्या सुमाराला. नवरा येतो बुधवारी रात्री.

नोव्हेंबरचंच घे. हे बुधवारी 5 तारखेला आले, शुक्रवारी पहाटे गेले. बीज फुटलं अंदाजे 10-11 ला. परत आले 12 च्या रात्री. शुक्राणू बाईच्या शरीरात फार तर पाच दिवस तग धरतात, तेही सगळे नाहीत. बीज जगतं जेमतेम एक दिवस. दिवस राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती बीज फुटायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत. तुझे ते दिवस म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार. त्या दिवसांत तू घरी पेपर तपासत असतेस आणि हे चाकणला तिघांबरोबर खोलीवर किंवा शिफ्टवर. जूनपासून असा महिना एकच सापडला, ज्यात हे बरोबर वेळेला घरी होते. तो गणपतीचा. त्या पाच दिवसांत घरात किती पाहुणे झोपले होते, हे तू लिहिलेलं नाहीस, आणि मी विचारत नाही.

(आणि मार्गशीर्षातले चार गुरुवार व्रतात गेले असतील तर तेही हिशेबातून काढ. सासूबाईंना हे सांगू नकोस.)

म्हणून मी विचारते, वर्ष कुठून मोजायचं? नियम साधा आहे. बाई पस्तिशीच्या आत असेल, तर कुठलंही साधन न वापरता, नियमित संबंध ठेवून एक वर्ष झालं की तपासणी. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने. चाळिशीला टेकली असेल तर थांबायचंच नाही, ठरवलं त्याच महिन्यात डॉक्टर. वर्ष का, तर निरोगी तरुण जोडप्यालासुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चारात-पाचात एक एवढीच असते. वर्षभरात शंभरातल्या ऐंशी-पंचाऐंशी जोडप्यांना दिवस राहतात, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या वर्षात, काहीही न करता. सगळ्यांना तिसऱ्या महिन्यात तपासत बसलो तर चांगल्या धडधाकट माणसांना पेशंट करून सोडू. पण या नियमातलं वर्ष लग्नाच्या पत्रिकेवरच्या तारखेपासून सुरू होत नाही, आणि नुसतं निरोध बंद केल्यापासूनही नाही. त्यातला 'नियमित' हा शब्द दर दोन-तीन दिवसांनी, असा आहे. तुझ्या अकरा महिन्यांत, पाळी पस्तीस दिवसांची असल्यामुळे, संधीच मुळात साडेनऊ. त्यातल्या खऱ्या किती? जानेवारी ते मेच्या तारखा तू दिल्या नाहीस, पण जूनपासूनचं बघून मी दोन-तीनच्या वर जाणार नाही.

चाकण, भोसरी, रांजणगावला माणसं आणि कराड, सातारा, बार्शीला घरं असलेली अशी किती जोडपी मी पाहिली. बाई फाईल घेऊन येते, फाईल चार बोटं जाड, आणि 'नवरा घरी कधी असतो?' एवढा एक प्रश्न त्या फाईलमध्ये कुठेच विचारलेला नसतो. त्याहून जवळचा प्रश्नही विचारलेला नसतो. एकदा तीन वर्षं उपचार झालेली एक मुलगी माझ्याकडे आली. तपासायला गेले तर ती आक्रसून गेली. हळूहळू बोलती केली तेव्हा कळलं की दुखतं म्हणून संबंध पूर्णपणे आलेलाच नाही. बीज फुटण्याच्या गोळ्या मात्र सहा महिने घेऊन झाल्या होत्या.

तर तुझं वर्ष भरलेलं नाही. एवढ्यावर पत्र संपवलं असतं, पण तू मधेच एक वाक्य टाकून गेलीस. नवऱ्याला दवाखान्याचा तिटकारा का, हे सांगायला. बारावीत गालगुंड.

लहान मुलाला गालगुंड झालं तर गाल फुगतात, आठवड्यानं उतरतात, विषय संपतो. वयात आलेल्या मुलाला झालं तर काहींच्या अंडकोषालाही सूज येते, ताप येतो, चालवत नाही इतकं दुखतं. बहुतेकदा ती एकाच बाजूला येते आणि पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. पण काहींचा अंडकोष नंतर बारीक होतो, शुक्राणू कमी होतात. दोन्ही बाजूंना सूज आली असेल तर काळजी जास्त. ह्यांना तसं झालं होतं का, मला माहीत नाही, आणि तुलाही बहुधा नसेल. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ही गोष्ट आईलासुद्धा धड सांगत नाही. पंधरा दिवस अंथरुणावर म्हणजे नुसते गाल नसावेत, अशी मला शंका आहे. शंकाच. पण ज्यांच्या पूर्वेतिहासात असं काही असतं त्यांना वर्ष थांबण्याचा नियम लागू नाही. त्यांची तपासणी पहिल्या दिवशी.

आणि समजा गालगुंड झालंच नसतं, तरी मी आधी त्यांचीच तपासणी सांगितली असती. का, ते सांगते, त्यात माझी चूक आहे.

नव्यानं डॉक्टर झाले होते तेव्हाची गोष्ट. खेड्यातून एक जोडपं यायचं. ती आत, तो बाहेर बाकावर पेपर वाचत. तिचं दोनदा क्युरेटिंग झालं होतं, नळ्यांचा एक्सरे झाला होता, शेवटी दुर्बीणही झाली. सगळं ठीक. मग कुणाला तरी सुचलं की बाहेर बसलेल्या माणसाला एक बाटली द्यावी. रिपोर्टात शुक्राणू शून्य. तिच्या पोटावर टाके, आणि कारण बाकावर पेपर वाचत बसलेलं. दुर्बिणीच्या केसपेपरवर सही माझी होती. कुठल्या हॉस्पिटलात ते महत्त्वाचं नाही, त्या काळी सगळीकडे तसंच चालायचं आणि तुझ्या पत्रावरून दिसतं की काही ठिकाणी अजून चालतं. ज्या जोडप्यांना अडचण येते, त्यांतल्या जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. त्याची पहिली तपासणी बिनदुखती, बिनटाक्यांची आणि सगळ्यांत स्वस्त. तुझ्या पॅकेजच्या पैशांत ती दोनदा झाली असती.

आता ती कशी करायची ते नीट वाच, कारण पुरुष ती टाळतात त्याचं अर्धं कारण अहंकार असला तरी अर्धं कारण लॅबचा संडास असतो. कडी न लागणारं दार, बाहेर रांग, कुणीतरी 'झालं का?' म्हणून हाक मारतंय. कुठल्याही भल्या माणसाला तिथे जमणार नाही. म्हणून बुधवारी लॅबला फोन कर: वीर्यतपासणी कोणत्या वेळात घेता, वेगळी खोली आहे का, घरून नमुना आणला तर चालतो का. चालत असेल तर बाटली आदल्या दिवशीच लॅबमधून आण. गुरुवारी सकाळी घरी नमुना घ्यायचा, आणि अर्ध्या-पाऊण तासात लॅबमध्ये पोचवायचा, तासाच्या वर जाऊ द्यायचा नाही. बाटली शर्टाच्या आत अंगाजवळ धरून न्यायची, थंडीच्या दिवसांत गाडीच्या डिकीत नाही. तेल, साबण, क्रीम, थुंकी काही लावायचं नाही. साध्या निरोधात गोळा करायचा नाही, त्यातल्या रसायनानं शुक्राणू मरतात. थोडा सांडला तर तसं स्पष्ट सांगायचं, कारण पहिल्या थेंबांतच शुक्राणू सगळ्यात जास्त असतात. आधीचं वीर्यपतन, कसंही झालेलं असो, दोन दिवसांपेक्षा अलीकडचं नको आणि सात दिवसांपेक्षा जुनं नको. तुमच्या आठवड्याच्या वेळापत्रकात हे बसायला अडचण येऊ नये. त्या बुधवारी रात्री मात्र लवकर झोपा.

रिपोर्ट आला की आकड्यांना घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा अशा: एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हालचाल करणारे 42 टक्के, नीट आकाराचे 4 टक्के. हो, चार. तू शिक्षिका, शंभरात चार बघून तुला चक्कर येईल. पण इथे चारला पास आहे. या मर्यादेच्या थोडं खाली आलं म्हणून मूल होत नाही असं नाही, आणि वर आलं म्हणून होतंच असंही नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे ऑक्टोबरात ताप आला असेल, तर आज जो नमुना द्याल त्यात त्याचाही हिशेब असतो. थोडा कमी आला तर तीन महिन्यांनी पुन्हा, मधल्या काळात तंबाखू-गुटखा असेल तर बंद. फार कमी किंवा शून्य आला तर मात्र तीन महिने वाट न बघता लवकर परत तपासायचं आणि पुरुष वंध्यत्वाचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे दोघांनी जायचं. त्या वेळी गालगुंडाची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगायची.

ह्यांना हे कसं सांगायचं? फोनवर नको. खोलीवर शेजारी तिघं असतात. जेवताना सासूबाईंसमोर तर नकोच. गाडीवर मागे बसून सांग. एकमेकांचं तोंड दिसत नसलं की आपल्याकडचे पुरुष बरंच बोलतात आणि ऐकतात. 'तुमच्यात काही आहे का ते बघू' असं म्हणू नकोस. म्हण, 'माझ्या पोटात दुर्बीण घालायची म्हणताहेत. ती घालायच्या आधी तुमचा एक कागद बघू दे, असं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलंय.' दुसरी डॉक्टर मी, माझं नाव पुढे कर, राग माझ्यावर निघू दे. 'आमच्या घराण्यात नाही' याला उत्तर द्यायला जाऊ नकोस. घराण्यातल्या कुणाला बारावीत गालगुंड झालं होतं? आणि त्या पंधरा दिवसांत काय काय दुखत होतं, हे त्यांनाच एकदा विचार. आजवर कुणी विचारलं नसेल.

त्यांचा रिपोर्ट ठीक आला, तर तीन पाळ्या मला खऱ्या हव्यात. पुढची पाळी 30 डिसेंबरच्या सुमाराला येईल. म्हणजे बीज फुटेल 20 जानेवारीच्या आगेमागे. संक्रांतीनंतरचा शनिवार ते सोमवार, 17 ते 19, ह्यांनी घरी असायला हवं. बुधवार-गुरुवारी आलेच तर बोनस. पुढचे तसेच दिवस 21 ते 23 फेब्रुवारी आणि 28 ते 30 मार्च. तीन महिन्यांत तीनदा दोन-तीन दिवसांची रजा किंवा सुट्टीची अदलाबदल. सुपरवायझरला कारण सांगायची गरज नाही, भावकीत लग्नं कायम असतात. किंवा तू जा, सोमवारची एक किरकोळ रजा टाकून. तिथे खोलीवर नाही, लॉजवर. तारखा दोन-चार दिवस पुढेमागे होतील, म्हणून औषधाच्या दुकानातून बीज फुटण्याची पट्टी आण, गरोदरपणाच्या पट्टीसारखीच असते. सोळाव्या-सतराव्या दिवसापासून रोज एकदा लघवीत बघ. दोन्ही रेघा सारख्या गडद दिसल्या की पुढच्या दीड दिवसात बीज फुटतं. मात्र पट्टी गडद झाल्यावर मग फोन करून त्यांना बोलावू नकोस, एसटी चाकणहून येईपर्यंत उशीर होईल. दिवस आधी ठरवायचे, पट्टी नुसती पडताळ्याला.

याच काळात तुझं एवढंच: थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन एकदा, प्रोजेस्टेरॉन हवं असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी, साधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, साखर. रुबेलाची लस झाली नसेल तर आधी ती घे, आणि मग एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून ते या आठवड्यातच विचारून घे. फॉलिक ॲसिड आजपासून, रोज 400 मायक्रोग्रॅम. एएमएच 1.9 चं दडपण घेऊ नकोस. अंडाशयात साठा किती उरलाय याचा तो अंदाज आहे. बीज चांगलं की वाईट, या वर्षी मूल होईल की नाही, हे त्यातून कळत नाही. टेस्ट ट्यूबची इंजेक्शनं द्यायची वेळ आली तर डोस ठरवायला त्याचा उपयोग. तुझ्या वयाला 1.9 ठीक आहे.

मार्चपर्यंत काही झालं नाही, तर एप्रिलमध्ये नळ्यांचा एक्सरे. तो पाळी थांबल्यावर, बीज फुटायच्या आधी करतात. पिशवीत रंग सोडून दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत का बघतात. पाळीच्या कळांसारखं दुखतं, दहा-पंधरा मिनिटांत संपतं. दुर्बीण ही त्याच्या पुढची पायरी, एक्सरेत किंवा सोनोग्राफीत काही सापडलं तर. 'एकदाच करून टाकू' हे घराच्या रंगकामाला ठीक आहे.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांना वर्षाचा नियम लागू नाही, ते सांगून ठेवते. पाळी दोन-दोन महिने येत नाही किंवा कधीही येते, त्यांनी थांबू नये. पाळीत उठवत नाही इतकं दुखतं आणि संबंधाच्या वेळीही खोल दुखतं, त्यांनी. पूर्वी कुठलाही टीबी झालेल्यांनी, कारण आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे आणि तो टीबी खोकल्याशिवाय येतो. अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालेल्यांनी, नळीत गर्भ राहिलेल्यांनी, केमोथेरपी झालेल्यांनी. पुरुषांमध्ये, लहानपणी अंडकोष खाली उतरला नव्हता किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्यांनी. आणि जिममध्ये अंग कमवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी. पौरुषाचं म्हणून घेतलेलं ते इंजेक्शन शुक्राणू बनवणंच बंद पाडतं, हे त्यांना विकणारा सांगत नाही. दोनदा गर्भपात झालेल्यांच्या तपासण्या वेगळ्या, त्यांनी या यादीत बसू नये, पण थांबूही नये.

हे पत्र तू रात्री लिहिलं असावंस. शेवटी अक्षर लागत नव्हतं. तो 10 नोव्हेंबरचा रिपोर्ट फाडू नकोस, फाईलमध्येच ठेव. फक्त प्रोजेस्टेरॉनच्या आकड्याशेजारी तुझ्या लाल पेनानं लिही: 'पुढची पाळी 25 नोव्हेंबर.' जो कुणी पुढे ती फाईल उघडेल, त्याला ते दिसू दे.